नाकातला आवाज आणि पोळ्याची झडती

गायक अमेरिकेतला, 'द माउंटन गोट्स' या नावाने गाणारा जॉन डार्निएल; श्रोते वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातले. गाण्यांचा सगळा जीव शब्दांत, आणि ते शब्द इंग्रजी. श्रोत्यांपैकी काहींना इंग्रजी वाचता येतं पण कानाने पकडता येत नाही; उरलेल्यांना दोन्ही जमत नाही. अशा बैठकीत अशा गायकाची ओळख करून द्यायची तर सुरुवात कुठून करायची, काय मागे ठेवायचं आणि काय मुळीच वाजवायचं नाही, एवढ्याच प्रश्नाची ही नोंद आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे काही घरांतल्या गोष्टी येतात, आणि गाव एवढं लहान आहे की 'कोनाचा पोट्टा' एवढं म्हटलं तरी घर कळतं.

जागा आणि माणसं

वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं. अनुदान वेळेवर आलं तर वर्तमानपत्रांची बिलं निघतात, नाही आलं तर ग्रंथपालबाई स्वतःच्या पर्समधून भागवतात. दिवसा पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासाला बसतात. महिन्यातून एकदा संध्याकाळी, सामुदायिक प्रार्थना आटोपली की, सतरंज्या टाकून 'ऐकणं' होतं. ज्याला जे आवडतं ते त्याने आणायचं, त्याबद्दल दोन शब्द बोलायचे आणि वाजवायचं. आजवर खंजिरी भजनं झाली, झाडीपट्टीच्या नाटकांतली पदं झाली, कव्वाली झाली. एकदा तर नुसते लिलावाचे पुकारे झाले, आणि ती बैठक फार रंगली होती.

या वेळी आणणारा मुलगा गावचाच. नागपूरला एम.कॉम. केलं, आता हिंगणघाटला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब बघतो. कॉलेजच्या होस्टेलमध्ये त्याला 'द माउंटन गोट्स' भेटले आणि तेव्हापासून तो त्यांच्याबद्दल जिथे तिथे बोलत असतो. समितीने त्याला एक संध्याकाळ दिली. मी समितीवर आहे आणि टिपणं ठेवण्याचं काम माझ्याकडे असतं, एवढाच माझा यात भाग.

बैठकीला नेहमीची वीसएक मंडळी. भजन मंडळाचे खंजिरीवाले काकाजी, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, बचत गटाच्या तीन-चार बायका, भरतीची मुलं आणि लग्नात डीजे लावणारा एक तरुण. स्पीकर त्याचाच असल्यामुळे त्याला बोलवावंच लागतं.

हा गायक कोण

'द माउंटन गोट्स' म्हणजे मुळात एकच माणूस, जॉन डार्निएल. जन्म १९६७ चा. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट या गावी त्याने या नावाने गाणी टेप करायला सुरुवात केली. त्या काळात तो मनोरुग्णालयात नर्सचं काम करत असे. साधनं म्हणजे एक गिटार आणि पॅनासॉनिकचा कॅसेट रेकॉर्डर. वेगळा माइक नाही, यंत्रातच बसवलेला. त्यामुळे त्या यंत्राच्या मोटारीची घरघर गाण्याबरोबर टेपवर उतरली आणि तशीच राहिली. लहान कंपन्यांनी त्या कॅसेटा काढल्या, आणि त्या हातोहात फिरल्या. २००२ मध्ये 'टॅलाहासी' हा अल्बम आला तिथून स्टुडिओ आणि बँड असा रीतसर प्रकार सुरू झाला. पुढची अनेक वर्षं बेसवर पीटर ह्यूज होता, काही वर्षांनी ड्रमवर जॉन वुर्स्टर आला.

त्याचा आवाज नाकातला आहे, चिरका आहे, आणि तो गाता गाता ओरडायला लागतो. चाली साध्या, तीन-चार कॉर्डच्या. कारागिरी आहे ती शब्दांत. बहुतेक गाणी म्हणजे कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगतंय अशी असतात, आणि आपण त्या सांगण्याच्या मध्यावर पोचतो. आधी काय झालं ते तो सांगत नाही. अंगणात काय वाळत पडलंय, फ्रीजमध्ये काय उरलंय, खिडकीतून काय दिसतंय हे मात्र नेमकं सांगतो. बोलणारा पुष्कळदा स्वतःलाच फसवत असतो, आणि ते ऐकणाऱ्याला त्याच्या आधी कळतं. ही त्याची खरी हातोटी. शिवाय विषय कुठलाही असतो: रोमन इतिहास, मोडकी लग्नं, टीव्हीवरची कुस्ती, नशेतून बाहेर येऊ पाहणारी माणसं. 'अमुक गावी निघालो' अशा नावांच्या गाण्यांची तर त्याने रांगच लावली आहे.

पहिली संध्याकाळ

मुलाने प्रोजेक्टर आणला होता. जन्मसाल, गाव, अल्बमांची चित्रं, 'इंडी फोक' म्हणजे काय यावर एक पान. सगळं बरोबर होतं आणि सगळं अंगावरून गेलं. एकच माणूस मिळून बँड कसा होतो हा प्रश्न काकाजींनी विचारला: "मंडळात एकच मानूस? मंग टाळ कोन धरते?" त्यावर मुलाकडे उत्तर नव्हतं.

पहिलं गाणं त्याने लावलं ते 'टॅलाहासी'मधलं सगळ्यात गाजलेलं. त्याच्या मते ते गाजलंय म्हणजे सहज पोचेल. त्या गाण्यात एक नवरा बायकोला सांगतोय की आपलं दोघांचं वाटोळं होवो, आपल्याला सोडवायला कुणी न येवो, आपण एकदमच बुडू. आणि चाल आहे उड्या मारणारी, पियानो ठणठणतोय. अमेरिकेत कार्यक्रमात सगळं सभागृह हा शाप एका सुरात म्हणतं. २०२१ च्या सुमारास टिकटॉकवर ते पुन्हा उसळलं. आपल्याकडे टिकटॉक २०२० च्या जूनमध्येच बंद झालं होतं, त्यामुळे भरतीच्या मुलांपर्यंतही ते आलेलं नव्हतं.

वाचनालयात काय झालं? सगळ्यांनी मान डोलावली. एका बाईला ते वाढदिवसाचं गाणं वाटलं. डीजेवाला म्हणाला, "याच्यावर बीट टाकला त वरातीत चालते." गाणं संपल्यावर मुलाने अर्थ सांगितला तेव्हा दोन-तीन जण हसले, पण ते हसू गाणं संपून गेल्यावर आलेलं. विनोद चाल आणि शब्द यांच्या भांडणात होता. शब्दच न कळल्यामुळे भांडण कुणाला दिसलं नाही, नुसती चाल उरली.

त्यानंतर त्याने एक जुनं, कॅसेटवरचं गाणं लावलं. घरघर ऐकून डीजेवाला उठून वायर हलवायला गेला.

त्या संध्याकाळी कामाचं एकच वाक्य निघालं, तेही काकाजींच्या तोंडून, आणि त्यांना गाण्यातलं अक्षरही कळलेलं नव्हतं. "आवाज नाकात हाय त्याचा. पन हात पाहा. थो गिटार वाजवून नाही राह्यला, खंजिरी वाजवून राह्यला." हे तंतोतंत खरं आहे. डार्निएलचा उजवा हात सूर काढण्यापेक्षा ठोका धरतो, आणि त्या ठोक्यावर शब्द पुढे रेटतो. तुकडोजी महाराजांच्या परंपरेत वाढलेल्या कानाला ते पहिल्या दोन मिनिटांत सापडलं. जगभरच्या समीक्षकांनी या माणसाच्या शब्दांवर पुष्कळ लिहिलं असेल; हाताकडे काकाजींनी पाहिलं.

गुरुजींचा सल्ला

मुलगा खट्टू झाला होता. "लोकाइले समजतच नाही," असं तो म्हणत होता, आणि या 'लोकां'त गुरुजीही आले हे त्याच्या लक्षात नव्हतं. गुरुजींनी मनावर घेतलं नाही. त्यांनी त्याला पोळ्याची आठवण दिली.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं सांगावं लागेल. पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या मैदानावर, तोरणाखाली रांगेने उभे राहतात आणि मग झडत्या सुरू होतात. एक जण पुढे होऊन चार-सहा ओळी फेकतो: यमकं जुळवलेल्या, खोडकर, कधी कापसाच्या भावावर, कधी सरपंचावर, कधी शेजारच्या कंजूष माणसावर. शेवटी 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' असा पुकारा होतो आणि सगळा आखर त्यात सामील होतो. लगेच दुसरा उत्तर देतो. झडती कुणी लिहून ठेवत नाही. त्या वर्षीची त्या वर्षी, फार झालं तर पुढच्या वर्षी कुणीतरी आठवण काढतं.

गुरुजींचं म्हणणं असं: "झडती म्हननारा तोंड उघडाच्या आधी आपल्याले काय काय मालूम असते पाय. कोनाच्या बैलाजवळ उभा हाय, कोनाकडे पाहून राह्यला, औंदा त्याच्या वावरात काय पिकलं. थे मालूम असते म्हनून त्याचे शब्द लागते. तुह्या गायकाचं तू फक्त जन्मगाव सांगतलं. थो उभा कुठे हाय थे सांग ना."

मला वाटतं या प्रकरणातली कळीची सूचना हीच. शब्दप्रधान गायकाची ओळख करून देताना आपण दोनपैकी एका वाटेने जातो. एक तर त्याचं चरित्र सांगतो, नाहीतर ओळीमागून ओळ उलगडत बसतो. पहिल्याने गाणं लांब राहतं, दुसऱ्याने ते मरतं. मधली वाट अशी की गाणं सुरू होण्याच्या क्षणी ऐकणाऱ्याला जेवढं ठाऊक असायला हवं तेवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. कोण बोलतंय, कुणाशी, किती वाजलेत, हातात काय आहे, आणि कशाबद्दल तो बोलायचं टाळतोय.

मुलाने प्रत्येक गाण्यासाठी अर्धं पान वऱ्हाडीत लिहून आणलं. प्रोजेक्टर घरी ठेवला.

दुसरी संध्याकाळ

या वेळी सुरुवात 'ऑल हेल वेस्ट टेक्सास' या अल्बमपासून झाली. हा २००२ च्या सुरुवातीचा, त्याच पॅनासॉनिकवर टेप केलेला. याच्या मुखपृष्ठावरच गोषवारा छापला आहे: सात माणसं, दोन घरं, एक मोटारसायकल आणि किशोरवयीन मुलांना कोंडून ठेवणारं एक उपचारकेंद्र, यांच्याबद्दलची चौदा गाणी. मुलाने एवढंच वाचून दाखवलं आणि बैठक सरसावून बसली. मोटारसायकल कुणाची, याची चौकशी सुरू झाली. दोन घरं भावाभावांची असतील, असा एका बाईने अंदाज बांधला. माणसं, घरं, वाहनं अशी मोजदाद करून गोष्ट सांगणं हे गावाला अजिबात परकं नाही. कुणाच्याही लग्नाची बोलणी अशीच सुरू होतात.

घरघरीचं मुलाने आधीच सांगून टाकलं: यंत्रातला माइक, मोटार तिथेच, त्यामुळे तीही गाण्यात आहे, वायर हलवू नका. त्यावर भजन मंडळाने जुन्या काळी टेप केलेल्या एका भजनाची आठवण निघाली. त्यात वरचा पंखा असा काही उतरलाय की आता पंख्याशिवाय ते भजन काकाजींना सुनं वाटतं. तो विषय तिथेच मिटला. पहिल्या बैठकीतली सगळ्यात मोठी अडचण दोन मिनिटांत गेली.

पहिलं गाणं डेंटन गावच्या दोन पोरांचं. डेंटन टेक्सासच्या उत्तर भागात आहे. पोरांना कर्कश, आरडाओरड्याचा बँड काढायचा आहे. घरातल्या खोलीत सराव करतात, नावं शोधतात, ड्रम आणि गिटारींवर स्वतःची नावं उमटवतात, विमानातून फिरण्याची स्वप्नं बघतात. मोठ्या माणसांना हे बरं दिसत नाही. एकाला दूरच्या शाळेत पाठवून देतात, तिथे त्याला सांगतात की तू कधी प्रसिद्ध होणार नाहीस. मागे राहिलेला मित्र त्याला पत्रं लिहितो, आणि त्यांत बदल्याचा बेत असतो. शेवटी गायक उघडपणे पोरांच्या बाजूने उभा राहतो आणि चक्क सैतानाचा जयजयकार करतो.

हे शेवटचं सांगावं की नाही यावर मुलगा घुटमळला होता, कारण समोर रोज सामुदायिक प्रार्थना म्हणणारी मंडळी. त्याने सांगितलं. काकाजी थोडा वेळ विचार करून म्हणाले, "पोट्ट्याले घरातून काहाडून देल्लं. मंग थो देवाचं नाव काहाले घेईन?"

गाणं वाजलं. या वेळी शेवटच्या जयजयकाराला हशा बरोबर जागेवर आला आणि त्याच्या मागोमाग डीजेवाल्याने, ज्याच्या स्वतःच्या घरी डीजेवरून महाभारत झालेलं आहे, उभं राहून झडती टाकली:

डेंटन गावचे पोट्टे दोन,
गिटार घेतलं, घरी ना फोन,
मायबापानं धाडलं दूर,
आता बदल्याचाच धरला सूर,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

सैतानाच्या जागी महादेव आला, कुणाचं काही बिघडलं नाही. गाण्याची याहून चांगली पोच मी कुठल्या चर्चासत्रात पाहिलेली नाही.

मग कुस्ती. २०१५ मध्ये डार्निएलने 'बीट द चॅम्प' नावाचा अख्खा अल्बम व्यावसायिक कुस्तीवर केला. तो लहान असताना लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिक ऑडिटोरियममधल्या कुस्त्या टीव्हीवर बघायचा, आणि त्याचा हिरो होता मेक्सिकन वंशाचा मल्ल चावो गुएरेरो. इथे भरतीची मुलं जागी झाली. लहानपणी सगळ्यांनी मल्लांची ट्रम्प कार्डं खेळलेली. एकाने आक्षेप घेतला की ती कुस्ती खोटी असते, कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं. दुसरा म्हणाला, असू दे, दंडारीत (गावच्या लोकनाट्यात) राम जिंकते थेही आधीच ठरलं असते ना. यावर बराच वेळ गेला. जाऊ दिला ते बरं झालं, कारण गाण्याचा पायाच तो आहे: जगात निदान एका ठिकाणी दुष्ट माणूस हरतो, हे त्या पोराला हवं होतं.

कारण त्याच गाण्यात एक सावत्र बाप आहे. पोराचा ज्या मल्लावर जीव, त्याला तो मुद्दाम नावं ठेवतो, पोराला डिवचण्यासाठी. गाणं म्हणणारा आता मोठा झालेला आहे, तो बाप मेलेला आहे, आणि तरी हिशेब चुकता झालेला नाही. मुलाने हे तीन वाक्यांत सांगितलं, गाणं लावलं आणि थांबला.

मागच्या रांगेतून प्रश्न आला, "बाप मेल्यावर गानं केलं का त्यानं?"

"हाव. त्याच्या आधी नाही जमलं."

"नाहीच जमत," विचारणारा म्हणाला, आणि शेजारच्याने विषय बदलून पुन्हा ट्रम्प कार्डांवर नेला.

जो अल्बम वाजवला नाही

मुलाचा सगळ्यात लाडका अल्बम पुढे होता. 'द सनसेट ट्री', २००५ चा. तोपर्यंत डार्निएल बहुतेक दुसऱ्यांच्या तोंडून बोलत आला होता. इथे तो स्वतःच्या घरात शिरला. मारकुटा सावत्र बाप, दार लावून घेतलेली खोली, कानाला लावलेला रेकॉर्ड प्लेअर, कसंही करून हे वर्ष काढायचं ही जिद्द. सावत्र बाप वारल्यानंतर हा अल्बम आला. अर्पणपत्रिकेत त्या बापाला शांती लाभो असंही म्हटलंय, आणि अशा घरांत राहणाऱ्या मुलामुलींना 'तुम्ही यातून जिवंत बाहेर पडाल' असा निरोपही दिलाय.

प्रश्न असा की वर्धा जिल्हा कागदोपत्री सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. प्रत्यक्षात संध्याकाळनंतर कोणाच्या घरातून काय आवाज येतो ते सगळ्या गावाला माहीत आहे, आणि बैठकीत बसलेल्या मुलांपैकी कोण कोणाचा हेही. मुलगा म्हणत होता की हा अल्बम त्यांच्यासाठीच आहे, त्यांनी ऐकलाच पाहिजे. दारूबंदीच्या मोर्चात वर्षानुवर्षं पुढे असलेल्या एका मावशीही त्याच्याच बाजूच्या: "लपवून लपवून त हे झालं. वाजव बापा."

गुरुजी अडून बसले. त्यांचा मुद्दा गाण्यावर नव्हता, सतरंजीवर होता. वीस जणांत ते गाणं वाजलं की एकोणीस जणांची नजर एका पोराकडे जाईल. गाण्याने त्याला जो आसरा द्यायचा तो त्या नजरेने काढून घेतला जाईल.

मला गुरुजींचं पटलं, आणि अजूनही पटतं. त्या अल्बममधला पोरगा स्वतः गाणी ऐकतो ती दार लावून, एकटा. ते गाणं चौकात नेऊन वाजवण्यात काही तरी उलटं आहे. मावशींचंही चूक नव्हतं. त्या मोर्चाच्या हिशेबाने बोलत होत्या, आणि मोर्चाला चौकच लागतो.

ठरलं ते असं. अल्बम बैठकीत वाजणार नाही. गाण्यांसाठी लिहिलेली अर्धी पानं एकत्र शिवून वाचनालयात ठेवायची, गाणी ग्रंथपालबाईंकडच्या पेन ड्राइव्हवर, आणि जो मागेल त्याला नाव न लिहून घेता द्यायची. शेवटच्या पानावर बाईंनी चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर स्वतःच्या अक्षरात लिहिला. कोणी नेला, किती जणांनी नेला, हे त्या सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

कुस्तीचं गाणं आधी वाजलं नसतं तर हा वाद इतक्या शहाणपणाने झाला नसता, असं मला वाटतं. मुलाने क्रम लावला होता तो सोप्याकडून कठीणाकडे, एवढाच विचार करून. पण त्या कुस्तीच्या आडून सावत्र बाप आधीच खोलीत येऊन बसला होता. लोकांनी त्याला ओळखलं होतं आणि त्याच्याबद्दल बोलायचं की नाही हे त्यांच्या हातात राहिलं होतं. समोरून आणला असता तर कोणीतरी उठून गेलं असतं.

दुपारची बैठक

मावशींनी हार मानली नाही. 'टॅलाहासी' फक्त बायकांना ऐकवा, अशी मागणी त्यांनी लावून धरली, आणि कापूस वेचणीच्या आधीच्या मोकळ्या दिवसांत एका दुपारी ती बैठक झाली. मी तिथे नव्हतो. ग्रंथपालबाईंनी सांगितलं ते लिहितो.

'टॅलाहासी' ही एका जोडप्याची गोष्ट. फ्लोरिडातल्या त्या गावी त्यांनी एक पडकं घर घेतलंय, दोघंही पितात, दोघांचंही एकमेकांवाचून चालत नाही आणि एकमेकांबरोबरही चालत नाही. या जोडप्यावर डार्निएलने कॅसेटच्या दिवसांपासून सुटी गाणी लिहिली होती. या अल्बममध्ये त्यांना त्याने एका छताखाली आणलं.

पहिला खल झाला तो बाई पिते यावर. मोर्चाच्या अनुभवात पिणारा नेहमी पुरुष आणि सोसणारी बाई. इथे दोघं सारखेच बुडालेले, त्यामुळे कोणाची बाजू घ्यायची हेच कळेना. एक म्हातारी म्हणाली, "थे सोडून काहून नाही जात?" त्यावर दुसरी: "थोही नाही जाऊन राह्यला ना. त्याइले घर सुटत नाही."

मग तेच शापाचं गाणं लागलं, जे पहिल्या संध्याकाळी वाढदिवसाचं वाटलं होतं. या वेळी अर्थ आधी माहीत होता. बाईंच्या म्हणण्यानुसार दुसऱ्या कडव्यापर्यंत बायका हसून हसून लोळत होत्या, आणि लगेच भुलाबाईची गाणी निघाली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली ती म्हणतात. सासू, नणंद, दीर, सगळ्यांचा उद्धार, आणि तोही टिपऱ्यांच्या तालावर, खिरापत ओळखायच्या घाईत. क्रूर गोष्ट आनंदी चालीत घालायची, म्हणजे ती म्हणता येते, हे त्या बायकांना लहानपणापासून येत होतं. त्यांना गायकाच्या या युक्तीचं नवल वाटलं नाही. पुरुषाला ती कशी जमली याचं वाटलं.

काय पोचलं नाही

ग्रीक, लॅटिन, बायबल यांचे धागे असलेली गाणी मुलाने नंतर लावून पाहिली. पोचली नाहीत. अर्ध्या पानात रोमन साम्राज्य बसत नाही, आणि बसवलं तर गाण्यापेक्षा पान मोठं होतं. तो नाद त्याने सोडला.

'अमुक गावी निघालो' ही गाणी मात्र बैठकीबाहेर, वाचनालयाच्या ओट्यावर, आपोआप पसरली. त्या गाण्यांतली माणसं गाव बदललं की आपलं सगळं ठीक होईल अशा भरवशावर निघतात आणि स्वतःला बरोबर घेऊन जातात. भरतीच्या मुलांत बुटीबोरीला जाऊन परत आलेले आहेत, चाकणला जाऊन परत आलेले आहेत. त्यांना यासाठी अर्धं पानही लागलं नाही. एकाने 'चाकनले निघालो' अशी स्वतःची सुरुवात केली आहे. पहिल्या दोन ओळी चांगल्या आहेत, तिसरीत तो अजून उपदेश करतो.

दुसऱ्या कुणाला हा गायक आपल्या गावी मांडायचा असेल तर आमचा क्रम असा: आधी 'ऑल हेल वेस्ट टेक्सास', घरघरीची सूचना देऊन. मग 'बीट द चॅम्प'मधलं चावो गुएरेरोचं गाणं, आणि खऱ्या-खोट्या कुस्तीच्या वादाला भरपूर वेळ. 'टॅलाहासी' वेगळ्या दिवशी, अर्थ आधी सांगून. 'द सनसेट ट्री' मागेल त्याच्या हातात. गाजलेल्या गाण्याने सुरुवात करू नये.

एक काम बाकी आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या बंदीत डार्निएलने तो जुना पॅनासॉनिक पुन्हा काढला आणि त्यावर एक नवी टेप केली. ती फोनवरून ऐकायला काकाजी तयार नाहीत. टेपरेकॉर्डरवरच वाजवा म्हणतात. भजन मंडळाचा टेपरेकॉर्डर आहे, पण त्याचा पट्टा तुटलेला. डीजेवाल्याने वर्ध्याच्या दोन दुकानांत विचारलं, आता तो नागपूरला बघणार आहे.